ओर्लूनच्या घरी ओर्लून

१९ ऑक्टोबर, रविवार

ओर्लून! म्हणे ओर्लून! सगळं जग सोडून या पोरीला ओर्लूनच सापडावा!

दुपारी यागोदाचा फोन आला. मी चीज मिठाच्या पाण्यात घालत होते, हात ओले, फोन खांद्याशी दाबून धरलेला. "आई, स्लावाला येतेय. एकटी नाही येत." मला आनंद झाला — खोटं कशाला बोलू! पोरगी एकतीस वर्षांची झाली, दर स्लावाला, आमच्या घरच्या संताच्या सणाला, संत लूकाकडे मी दुसरं काही मागतच नव्हते. विचारलं, नाव काय? दाम्यान. करतो काय? नोवी सादला लिफ्ट दुरुस्त करतो. बरं. आडनाव? आणि पोरगी गप्प. माझी मुलगी गप्प बसली की समजायचं, काहीतरी मोडलंय.

"ओर्लून," ती म्हणाली.

फोन मिठाच्या पाण्यात पडता पडता राहिला.

"कुठला ओर्लून? कुणाचा?"

"कुणाचाच नाही गं. तिकडचाच, सपाट मुलखातला. जगात काय आपणच तेवढे आहोत?"

"हो!" मी ओरडले.

आणि खरंच, आजवर मला तसंच वाटत होतं. खाली रस्त्यावर गावाची पाटी — ओर्लुनी. पाटीच्या वर जेवढी घरं तेवढी ओर्लूनांची. चर्चमागे जेवढी थडगी तेवढी ओर्लूनांची. निक्षिचच्या बाजारात नाव सांगितलं की लोक लगेच डोंगराकडे बोट दाखवतात. दुसऱ्या नावाच्या इथे फक्त सुना येतात, माझ्यासारख्या, आणि त्यांचंही नाव आल्याआल्या जातं. एका नावाची पोरं म्हणजे भाऊ-बहीण. चुलत असोत, दूरची असोत, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली असोत. ओर्लूनची मुलगी ओर्लूनला द्यायची म्हणजे — शी! लिहवत नाही.

मग डोकं जरा ताळ्यावर आलं. विचारायचं ते विचारलं. "त्यांची स्लावा कुठली?"

"संत दिमित्री. आठ नोव्हेंबर."

देवा! घरचा संत वेगळा! आमचा लूका, त्यांचा दिमित्री. संत बापाकडून मुलाकडे येतो, तो कुणी बाजारातून बदलून आणत नाही. म्हणजे नाव एक असलं तरी कूळ वेगळं. लग्न होऊ शकतं. मला पटलं. आता भाऊजींना पटायला हवं.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं. भाऊजी भट्टीवर होते, प्लमची राकिया गाळत. वाटलं, भट्टीवर माणूस मऊ असतो.

वुकोसाव भाऊजी म्हणजे माझ्या स्पासोयेचे थोरले भाऊ. स्पासोये गेल्यापासून या घराचा कर्ता पुरुष तेच, आणि गावाचेही तेच. कुणाची म्हैस कुणाच्या कुरणात शिरली तरी लोक त्यांच्याकडे धावतात. त्यांनी ऐकून घेतलं. पेल्यातली राकिया बोटावर घेऊन चाखली. थुंकले.

"म्हणजे पोरगी ओर्लून म्हणून घरातून निघणार आणि ओर्लून म्हणूनच सासरी पोचणार. गेली काय नि न गेली काय!"

"भाऊजी, त्यांची स्लावा वेगळी आहे. संत दिमित्री."

"पळून गेलेली माणसं संतही बदलतात, देसा. खून करून रातोरात गाव सोडलं की नाव लपवतात, संत लपवतात."

"मग यांनी नाव का नाही लपवलं?"

मला वाटलं आता भट्टीचं झाकण माझ्या अंगावर येणार. पण नाही. नुसते म्हणाले, "आण त्याला. स्लावाला बसू दे आमच्यात. बघू."

हा माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा त्याचं बघून झालेलं असतं. मला त्यांचा आरडाओरडा परवडला असता.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बाजारात चीज कमी खपलं, जिभा जास्त चालल्या. शेजारच्या फळीवरची कांदेवाली — "देसा, तुझं बरं आहे बाई! जावयाच्या दारावरची पाटीसुद्धा बदलायला नको!" सगळ्या हसल्या. मीही हसले, करते काय! मग एक म्हातारी, जिला मी ओळखतही नाही, जवळ येऊन हळूच म्हणाली, "मुलं कशी निपजतील त्यांना?" तिला तिच्या पिशवीसकट पलीकडे हाकललं.

निक्षिचपर्यंत पोचलं म्हणजे भाऊजींच्या कानावर हे हसणंही पोचलं असणार.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आली दोघं.

मी पाटीपाशी न्यायला गेले होते. बस थांबली, आधी यागोदा उतरली, माझ्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून मला तो दिसला — उंच, कान पुढे आलेले, हातात दोन्ही बॅगा. माझ्याकडे येण्याऐवजी तो पाटीसमोर उभा. ओर्लुनी. बॅगा खाली ठेवल्या आणि अक्षरांवरून हात फिरवला. गंज लागला बोटांना.

"मावशी, माफ करा हं," मग भानावर येऊन म्हणाला. "हे नाव मी कधी कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं. आमच्या दाराशिवाय."

जेवताना सांगत होता. शाळेत हजेरी घेताना प्रत्येक मास्तर त्याच्या नावाशी अडखळायचा, वर बघायचा, विचारायचा — कुठले रे तुम्ही? आणि याला सांगता यायचं नाही. तिथे सगळेच कुठून तरी आलेले. पण प्रत्येकाला कुठून ते माहीत. कुणाचं गाव, कुणाची आजी, उन्हाळ्यात जायला घर. याचे आजोबा लहानपणीच पोरके होऊन सपाट मुलखात पोचलेले, त्यांना नाव तेवढं आठवत होतं. वडीलही गेले. आता तो आणि आई.

माझी मुलगी त्याच्या ताटात मांस वाढत होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. मी तिला कुणाकडे असं बघताना पाहिलेलं नाही. मला आवडला पोरगा. लिहून टाकते, आवडला!

३० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी दोघं फिरायला गेली. तासाभरानं यागोदा एकटीच परत, नाक लाल.

"तो कुठाय?"

"थडगी वाचतोय." आणि चुलीपाशी बसून राहिली.

एक थडगं सापडलं म्हणे त्याला — दाम्यान ओर्लून, कधीचा मेलेला. दुसऱ्या कुणाच्या अंगावर काटा आला असता. हा त्याच्या शेजारी जाऊन बसला! तिकडून वुकोसाव भाऊजी आले, त्यांनी त्याला तो दाम्यान कोण, त्याचा भाऊ कोण, कुठल्या लढाईत पडला, सगळं सांगितलं. मग त्याला घेऊन वरच्या घराकडे गेले. बिनवारशाचं पडकं घर ते, छप्पर गळतंय. पाहुण्याला छपरावर चढवलं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरगा उद्याच्या आधीच पळून जावा म्हणून चाललंय हे.

जेवायला आला तेव्हा हातांना खरचटलेलं, आणि हसतोय. "काका म्हणाले, दगडी कौलं कशी बसवायची ते उद्यानंतर शिकवतील."

काका! दोन दिवसांत काका झाले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. स्लावा

लिहिते, नाहीतर ओरडेन.

भाऊजींच्या घरी नेहमीसारखी गर्दी. मेणबत्ती, पाव, उकडलेला गहू, धुरावलेलं मांस, माझं चीज. दाम्यानला त्यांनी आपल्या उजव्या हाताला बसवलं — तिथेच मला समजायला हवं होतं! यागोदा माझ्याजवळ. समोर भाऊजींचा मुलगा बाल्शा आणि त्याची बायको सेंका, मांडीवर तान्हं पोर. अजून नाव नाही ठेवलेलं, नऊ तारखेला बाप्तिस्मा आहे.

भाऊजींनी विचारायला सुरुवात केली. टेबलावर चमचासुद्धा वाजेना.

"तुमच्याकडे स्लावाची मेणबत्ती कोण लावतं?"

"मीच. वडील गेल्यापासून. घरात पुरुष मी एकटाच."

"आजोबा काय सांगायचे, कुठून आलात?"

"काही नाही. हात असा वर करायचे फक्त. वरून, म्हणायचे."

लोक हसले, चांगलं हसले. मला वाटलं, निभलं.

तेव्हा भाऊजी उठले. हातात पेला. कर्ता उठला म्हणून सगळे उठले.

"आपण घटतोय," ते म्हणाले. "माझ्या लहानपणी इथल्या प्रत्येक धुराड्यातून धूर निघायचा. आज संत लूकानं आपल्या नावाचा एक माणूस दारात आणून उभा केलाय. संत वेगळा असेल. रक्त वेगळं असेल, नसेल, देव जाणे. देवानं नाव दिलं, नातं मी देतो. दाम्यान ओर्लून! माझ्या नातवाचा कूम तू हो."

कूम! बाप्तिस्म्याला बाळ हातात धरणारा!

बाहेरच्या माणसाला वाटेल, केवढा मान! मानच आहे. रक्ताच्या नात्याहून वरचा. आणि त्याला नाही म्हणता येत नाही — कूम व्हायला नकार देणाऱ्याच्या घराला शाप लागतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि कूमच्या घराशी सोयरीक होत नाही. कधीच नाही. त्या दिवसापासून तो भाऊ, त्याची मुलं भाचरं. भाऊजींनी आवाज चढवला नाही, लग्नाचा शब्द काढला नाही, पोराचा अपमान केला नाही. भर टेबलावर, संतासमोर, त्याला माझ्या मुलीचा भाऊ करून टाकलं!

सेंकाचा चेहरा पांढराफटक. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. बाल्शा बापाची नजर चुकवून पेल्यात बघत होता.

दाम्याननं पेला खाली ठेवला. सगळ्यांकडे बघितलं, एकेकाकडे. डोळे भरून आले त्याचे. मग भाऊजींच्या गालांचे तीनदा मुके घेतले.

घर दणाणलं. कुणीतरी गायला लागलं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

१ नोव्हेंबर, शनिवार

यागोदा रात्रभर नुसती पडून. सकाळी तोंड धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "त्याला माहीतच नव्हतं आई. सपाट मुलखात वाढलाय तो. त्याला वाटलं, नुसता मान आहे."

"मग सांग त्याला!"

"सांगितलं काल अंगणात."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आता दिलेला शब्द मागे घेता येतो का?"

नाही येत. घेतला तर तान्ह्या पोराला काही झालं की बोट याच्याकडे. आणि यागोदाच्या अंगावर आयुष्यभर ते ओझं. बिचारा पोरगा! चांगलं वागायला गेला आणि पाय अडकले.

भाऊजींच्या घरावरून गेले तर ते कुऱ्हाडीला धार लावत होते. "काय देसा, कूम छान मिळाला ना!" मी तशीच पुढे गेले. थांबले असते तर धार लावलेलं काहीतरी हातात घेतलं असतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

पाद्री गोयकोंकडे गेले. चीजचा एक गोळा नेला. त्यांनी आधी गोळा आत ठेवला, मग ऐकून घेतलं.

"बाप्तिस्म्याचं पाणी लागेपर्यंत कूम नाही," ते म्हणाले. "धर्मानं बघायचं तर तो अजून कुणाचा कुणी नाही."

"म्हणजे नाही म्हणू शकतो!"

"मी धर्माचं म्हटलं. गावाचं नाही म्हटलं. संतासमोर दिलेला शब्द आहे, देसा. नाही म्हणाला तर ह्या गावात त्याला पाणी मिळणार नाही. तुझ्या पोरीलाही नाही."

"मग करू काय मी?"

"प्रार्थना."

प्रार्थना घरी बसूनही झाली असती, चीज वाचलं असतं. रागारागानं डोंगर चढत होते, आणि पाटीपाशी दम लागून थांबले तेव्हा डोक्यात एकदम लख्ख झालं. बाप्तिस्मा नऊला. आणि संत दिमित्रीचा दिवस आठला!

आठला त्याच्या घरी स्लावा. मेणबत्ती लावणारा पुरुष तो एकटा. स्वतःच्या स्लावाला घरी जाणाऱ्याला अडवायची हिंमत वुकोसाव ओर्लूनची नाही, साक्षात राजाचीही नव्हती. शुक्रवारी बसमध्ये बसायचं, शनिवारी घरी मेणबत्ती, मग रात्री उशिरापर्यंत पाहुणे. रविवारी सकाळी इथे पोचणं शक्यच नाही. नकार नाही, शब्द मोडणं नाही, शाप नाही. संतानंच बोलावलं! आणि बाप्तिस्मा काही कूमसाठी थांबवता येत नाही, पाहुणे बोलावलेले, मेंढा ठरलेला. दुसरा कुणीतरी त्याला हातात घेईल. तोच कूम.

या वयात डोंगर पळत चढले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सेंकाला एकटीला गाठलं, गोठ्यात. मला वाटलं होतं समजवावं लागेल. ती आधीच माझ्या बाजूनं उभी होती!

"काकू, माझं बाळ दगडासारखं फेकलं मामंजींनी यागोदावर," ती म्हणाली. दूध काढता काढता रडत होती. "कूम व्हायला आम्ही रादुलेला विचारून ठेवलं होतं. माझ्या भावाचा मित्र, केव्हापासून आनंदात आहे बिचारा. मामंजींनी त्याला आता साधा निरोपही पाठवला नाही."

"मग न पाठवू देत. रादुलेला म्हणावं, पाहुणा म्हणून ये. चांगला शर्ट घालून ये."

सेंकानं डोळे पुसले, आणि हसलीच. "आणि मामंजी?"

"तेव्हा ते चर्चमध्ये असतील. चर्चमध्ये माणसाला शिव्या देता येत नाहीत."

मग यागोदाला सांगितलं. तिनं मला उचललं, खरंच उचललं, कंबर दुखतेय. संध्याकाळी दाम्यान छपरावरून उतरून आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. मी मुद्दाम चुलीकडे तोंड करून बसले. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही माझ्यासाठी एवढं करताय?" आवाज जड झाला होता. म्हटलं, तुझ्यासाठी नाही रे बाबा, माझ्या पोरीसाठी!

पण त्याच्यासाठीही करतेच आहे. हातांचं पार वाटोळं झालंय त्याच्या, छप्पर मात्र अर्धं बसलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

भाऊजी आले. बसले नाहीत.

"देसा, काय शिजतंय?"

"बटाटे."

"माझ्याशी खेळू नकोस. सेंका दोन दिवस गाणी म्हणत फिरतेय."

"पोराचा बाप्तिस्मा आहे. रडत फिरेल का?"

मग ते बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय एकदम म्हातारे दिसतात.

"तुला वाटतं, मला पोरगा आवडत नाही. आवडतो, देसा. म्हणूनच. जावई झाला तर तुझ्या पोरीबरोबर तिकडे नोवी सादला. वर्षातून एकदा येईल, चीज घेऊन जाईल. आणि इथे लोक आपल्या तोंडावर हसतील — ओर्लूनांनी भाऊ-बहिणीचं लग्न लावलं. कूम झाला तर तो आमचा. वरच्या घरात धूर निघेल."

"आणि माझी मुलगी?"

"मुलगी जातेच. कुणाच्या तरी घरी जातेच."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. इतकं साधं बोलले ते, जणू गाईबद्दल बोलतायत.

"स्पासोये असता तर त्यानंही हेच केलं असतं," ते म्हणाले.

"स्पासोये असता तर आधी माझ्याशी भांडला असता. आणि हरला असता!"

टोपी घालून निघून गेले. दारात वळून म्हणाले, "त्याच्या डोळ्यांत बघ एकदा. तुम्ही दोघी एकमेकींच्याच डोळ्यांत बघताय." काहीतरी बोलून मला घाबरवायचं, एवढंच. माझा निर्णय बदलणार नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

धुकं. घाटात बर्फ पडू नये, उद्याची बस जाऊ दे. आज तेवढंच मागणं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गेला!

सकाळी भाऊजींच्या घरी जाऊन रीतसर निरोप घेतला. मी बरोबर होते, डोळ्यांत तेल घालून. "काका, घरी स्लावा आहे, मेणबत्ती लावायला मीच." भाऊजींचा जबडा हलला, पण काय बोलतील? संतापुढे त्यांचंही काही चालत नाही. हात मिळवला त्यांनी. "स्लावा मोडू नये माणसानं," म्हणाले. मला नाचावंसं वाटत होतं.

यागोदा इथेच थांबलीय, रविवारी बाप्तिस्म्याला हजर राहायला. दोघंही गेली असती तर पळाली असं झालं असतं. सोमवारी जाईल त्याच्याकडे. पाटीपर्यंत सोडायला गेली. मी खिडकीतून बघत होते. तो बसच्या पायरीवर चढला, उतरला, तिला मिठी मारली — लांब, अगदी लांब मिठी, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मग बस वळणाआड गेली.

यागोदा परत आली ती गालातल्या गालात हसत. "वेडा आहे. रडत होता."

रडू दे. सोमवारनंतर दोघं हसतील.

८ नोव्हेंबर, शनिवार

काहीतरी झालंय.

दुपारी त्याच्या आईचा फोन, यागोदाला. "दाम्यान तुझ्याकडेच आहे का गं?" पोचलाच नाही! नोवी सादची बस सकाळी आली, त्यात हा नव्हता. त्याचा फोन बंद. यागोदा भिंतीला टेकून उभी. मी फोन घेतला. पलीकडे ती बाई रडत होती, मागे पाहुण्यांचा आवाज. "मेणबत्ती मी लावली," म्हणाली. "बाईनं लावली! त्याचा बाप गेल्यापासून एकदाही चुकला नाही तो."

निक्षिचच्या बसस्थानकात फोन केला. घाटात अपघात नाही. दरड नाही, बर्फ नाही. रुग्णालयात केला, नाही. पोलिसांकडे केला. तिथला माणूस विचारतो, नाव? मी सांगितलं. तो म्हणतो, "बाई, तुमच्याच गावचा माणूस, तुम्हीच शोधा की!"

यागोदा काही खात नाही. सारखी फोन लावते आणि ठेवते. मला म्हणाली, "आई, मी त्याला जा म्हटलं. मी पाठवलं." भाऊजींनी काही केलं असेल का? वाटेत माणसं? नाही. तो माणूस दुष्ट नाही, हट्टी आहे. तरी गेले विचारायला. त्यांचा चेहराच उतरला. बाल्शाला गाडी काढायला लावली, स्वतः बसले शेजारी, घाटात शोधायला गेले. अजून परतले नाहीत.

देवा, कूम राहू दे, लग्न राहू दे, काही नको. पोरगा जिवंत असू दे.

९ नोव्हेंबर, रविवार

जिवंत आहे.

चर्चच्या दारात उभा होता, आमच्या सगळ्यांच्या आधी. नवा शर्ट. हातावर बाळासाठी पांढरं कापड, त्यावर छोटासा क्रूस. परवा निक्षिचलाच उतरला होता.

मी धावले. त्याचा दंड धरला. "अरे वेड्या, आत पाऊल टाकलंस की यागोदा संपली तुझ्यासाठी! कळतंय का तुला?"

"कळतंय, मावशी. स्लावाच्या दिवशी टेबलावरही कळत होतं. आमच्याकडेही कूम असाच असतो."

"मग का रे?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या पलीकडे बघत होता, थडग्यांकडे, वरच्या घराच्या छपराकडे. "बायको मला कुठेही मिळेल, मावशी," हळू आवाजात म्हणाला. "गाव नाही मिळणार."

यागोदा माझ्या मागेच उभी होती. तिनं मला दंडाला धरून बाजूला केलं, दार उघडं धरलं.

"या, कूम," ती म्हणाली. "आत या. बाळाला थंडी वाजतेय."